आधी पाणी, मग परवानगी

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद अचानक जाऊ लागली. काहींना श्वासही घेता येईना. गुइलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) हे एरवी डॉक्टरांच्या बोलण्यात क्वचित येणारे नाव काही दिवसांत घराघरांत पोचले. रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, काही जण दगावले, आणि जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा चालायला शिकावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे. सगळ्यांचे लक्ष नांदेड गावातल्या एका विहिरीकडे वळले.

त्या विहिरीत खडकवासला धरणाचे पाणी येत होते. तिथे त्यात क्लोरीन मिसळले जाई आणि तेच पाणी आजूबाजूच्या गावांना, तिथल्या मोठमोठ्या सोसायट्यांना जाई. मधे शुद्धीकरण केंद्र नव्हते. याच धरणाचे पाणी पेठांत जाते तेव्हा ते पर्वतीच्या जलकेंद्रातून गाळून, शुद्ध होऊन जाते. म्हणजे धरणापासून लांब राहणाऱ्याला शुद्ध पाणी आणि धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला नुसते क्लोरीन टाकलेले. धरण उशाला आणि कोरड घशाला असे आपण म्हणतो. इथे घसा कोरडा नव्हता, पण घोट विषारी ठरण्याची भीती होती. साथ आल्यावर महापालिकेने परिसरातले खासगी आरओ प्रकल्प आणि टँकर तपासले, त्यांतल्या अनेकांचे पाणी पिण्याजोगे नव्हते. ही तपासणी आधी का झाली नाही, याचे उत्तर कुणा एका अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणात शोधण्यात अर्थ नाही. पुणे ज्या क्रमाने वाढत आले आहे, त्या क्रमातच ते उत्तर आहे.

तो क्रम असा. आधी शेतजमिनीचे व्यवहार होतात. मग इमारती येतात. मग गाव महापालिकेत जाते. मग मिळकत कराची बिले येतात. त्यानंतर कधीतरी विकास आराखडा, त्यानंतर कधीतरी जलवाहिनी, आणि सर्वांत शेवटी मत. हा क्रम उलटा केल्याशिवाय पुणेच काय, देशातले कुठलेही वाढते शहर सावरणार नाही, असे मला ठामपणे वाटते. जिथे शुद्ध पाणी आणि मैलापाण्याची वाहिनी पोचलेली नाही, तिथे मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी मिळता कामा नये. आणि गाव शहरात घ्यायचे असेल तर आराखडा, निधी आणि प्रतिनिधी त्याच दिवशी त्याच्या पदरात पडले पाहिजेत.

गावे घेण्याचा पुण्याचा इतिहास पाहिला की ही मागणी का करावी लागते ते कळते. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली. २००१ मध्ये त्यांतली १५ पूर्णपणे आणि ५ अंशतः वगळली गेली. राहिलेल्या गावांच्या आराखड्याची मंजुरी तुकड्यातुकड्यांनी पुढची कित्येक वर्षे चालली. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचा प्रश्न तर २०१५ पर्यंत लोंबकळत होता. मधल्या काळात टेकड्यांच्या उतारांवरची बांधकामे कुणासाठी थांबली नाहीत. वगळलेल्या गावांतली अनेक गावे २०१७ मध्ये आणि मग २०२१ मध्ये पुन्हा आत आली. २०१७ ची ११ आणि २०२१ ची २३ गावे धरून पुणे महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि क्षेत्रफळात तिने मुंबईला मागे टाकले. तेव्हा त्याचा केवढा अभिमान व्यक्त झाला! नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ साली घेतलेली गावे २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद केली गेली. कर मोठा आणि सोयी नाहीत, ही तिथल्या लोकांची तक्रार होती आणि ती खरी होती. पण याच गावांच्या शिवारात अख्ख्या पुण्याचा कचरा १९८० च्या दशकापासून येऊन पडला, तिथल्या विहिरींचे पाणी नासले, हे विसरून चालणार नाही. गावाला इतके सोसायला लावायचे आणि त्याचे शहराशी नाते मात्र दर काही वर्षांनी नव्याने ठरवायचे, याला नियोजन म्हणता येत नाही.

२०२१ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. २३ गावे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचा अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) ठेवला गेला. म्हणजे इमारतीचा नकाशा मंजूर करणारी आणि विकास शुल्क घेणारी संस्था एक, आणि त्या इमारतीला पाणी देण्याची, तिचा कचरा उचलण्याची जबाबदारी दुसऱ्या संस्थेची. पीएमआरडीएने २०२१ मध्येच संपूर्ण महानगर क्षेत्राचा प्रारूप आराखडा जाहीर केला, त्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. जुन्या हद्दीची गतही फार निराळी नाही. २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीच्या आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर. त्या दहा वर्षांत बांधकामे थांबलेली नव्हती. शाळेसाठी, उद्यानासाठी, पाण्याच्या टाकीसाठी राखायच्या जागा कागदावर येईपर्यंत त्यांतल्या कित्येक जागांवर भिंती उभ्या राहिल्या होत्या.

आणि मताचे काय? गाव महापालिकेत आले की ग्रामपंचायत बरखास्त होते. सरपंच जातो. त्या २३ गावांतून महापालिकेत नगरसेवक निवडून जाण्याची वेळ यायच्या आधीच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी इथल्या लाखो लोकांचा स्थानिक कारभारात एकही निवडून दिलेला माणूस नव्हता. वाघोलीसारखी तालुक्याच्या गावापेक्षा मोठी वस्ती, आणि तिथल्या माणसाने ड्रेनेज तुंबल्याची तक्रार न्यायची ती थेट आयएएस अधिकाऱ्याकडे किंवा आमदाराकडे. जीबीएसची साथ नेमकी याच पोकळीत आली. नगरसेवक असता तर साथ आलीच नसती असा दावा मी करत नाही. पण विहिरीवर शुद्धीकरण का नाही हा प्रश्न सभागृहात दर महिन्याला विचारणारे कुणीतरी असते, आणि ज्याला पुन्हा मते मागायला त्याच सोसायट्यांत जायचे आहे त्याला तो विचारावाच लागला असता. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या, महानगरासाठी नियोजन समिती, नगरनियोजनापासून पाणीपुरवठ्यापर्यंत १८ विषय शहरांकडे देण्याची तरतूद, हे सगळे तिच्यात आहे. तीन दशके उलटली तरी शहराच्या हद्दीपासून आराखड्यापर्यंतचा शेवटचा शब्द मंत्रालयातच उच्चारला जातो.

आता पैशाकडे येऊ, कारण माझ्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे.

महापालिकेचे हक्काचे मोठे उत्पन्न म्हणजे जकात होती. शहरात माल जितका येई तितके उत्पन्न वाढे. २०१३ मध्ये पुण्यात जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता राज्य शासन ठरलेल्या सूत्राने भरपाई देते, दर वर्षी त्यात ठरावीक वाढ होते. शहर त्याहून वेगाने वाढले तर तो भार शहराने सोसायचा. मग हातात उरतो मिळकत कर आणि बांधकाम परवानगीतून येणारे शुल्क. मिळकत कर वाढवणे राजकीयदृष्ट्या नकोसे. समाविष्ट गावांतल्या वसुलीला तर शासनानेच मध्यंतरी स्थगिती दिली. राहता राहिले बांधकाम. दर वर्षी अंदाजपत्रकात बांधकाम विभागाचे उत्पन्न किती धरले आहे ते पाहावे, म्हणजे महापालिका परवानगी द्यायला एवढी आतुर का असते ते कळते. परवानगीचे पैसे एकदाच येतात. त्या इमारतीतल्या माणसांचे पाणी, मैला, कचरा, रस्ते, दवाखाना यांचा खर्च पुढची पन्नास-साठ वर्षे चालू राहतो. आजचा खर्च भागवण्यासाठी महापालिका उद्याचा खर्च ओढवून घेते, आणि उद्या तो भागवण्यासाठी आणखी परवानग्या देते. या चक्रात कुणी वाईट हेतूने वागण्याचीही गरज नाही. रचनाच तशी आहे.

परवानगी देताना पाण्याचा प्रश्न कागदावर सोडवलेला असतो. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे हमीपत्र बिल्डर देतो. भोगवटापत्र मिळते, सदनिका विकल्या जातात, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे जातो आणि हमीपत्र फायलीत राहते. टँकरचे बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येते. बोअर दर उन्हाळ्यात आणखी खाली जाते. वीस वर्षांचे गृहकर्ज काढून घर घेतलेले तरुण जोडपे त्याच घरात प्यायचे पाणी विकत घेते आणि महापालिकेला करही भरते. बाणेर-बालेवाडीत हे इतके हाताबाहेर गेले की २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ मनाई करावी लागली. न्यायालयाने जे केले तो खरे तर महापालिकेच्या रोजच्या कामाचा नियम असायला हवा. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण, ठरतो. जलवाहिनीच्या क्षमतेवर तो का ठरू नये? रस्ता अरुंद असेल तर मजले कमी, हे आपण मान्य केले आहे. पाणी कमी असेल तर मजले कमी, हे मान्य करायला अडचण कोणती?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. परवानग्या रोखल्या तर घरांच्या किमती वाढतील, आणि ज्याला कायदेशीर घर परवडत नाही तो बेकायदा घरात जाईल. हे अगदी खरे आहे. किंबहुना ते आजच घडते आहे. मराठवाड्यातून, सोलापूर-धाराशिवकडून, विदर्भातून येणारा वॉचमन, सुतार, कॅबचालक, हाउसकीपिंगचे काम करणारी बाई यांच्यासाठी अधिकृत बाजारात जवळजवळ काहीच नाही. ते गुंठेवारीत जागा घेतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अनेकांच्या वाट्याला अर्धाच येतो. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा शिक्का, एवढ्या कागदांवर आयुष्याची कमाई ठेवली जाते, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे इतक्या लहान तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येत नसे. १९४७ सालचा हा कायदा शेतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून केला होता. शहराच्या कडेला त्याने तुकडे थांबवले नाहीत, तुकडा घेणाऱ्याला फक्त कागदाशिवाय ठेवले. २०२५ मध्ये शासनाने नागरी भागातले असे व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली, ते योग्यच झाले. पण नियमित होणे म्हणजे कागद मिळणे. आठ फुटी बोळ आठ फुटीच राहतो. तिथे अग्निशमनाची गाडी जात नाही, ड्रेनेज टाकायला जागा उरत नाही, आणि ओढ्याच्या पात्रात उभे राहिलेले घर कागद मिळाला म्हणून पात्राबाहेर येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने ते दाखवून दिले.

म्हणून आधी पाणी, मग परवानगी हा नियम एकटा पुरणार नाही. त्याच्या जोडीला शासनाने स्वतः जमीन तयार करून द्यायला हवी, आणि ती गरिबाला परवडेल एवढ्या लहान तुकड्यांत. ही कल्पना नवी नाही, महाराष्ट्रानेच ती करून पाहिली आहे. १९८० च्या दशकात मुंबईत चारकोप आणि गोराई इथे जागतिक बँकेच्या साहाय्याने अशा वसाहती आखल्या गेल्या. रस्ते, गटारे, नळाच्या वाहिन्या, शाळा-बाजाराच्या जागा आधी. मग वीस-पंचवीस ते चाळीस चौरस मीटरचे छोटे भूखंड. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, हळूहळू बांधायचे. लोकांनी आधी एक खोली बांधली, मग मजला चढवला. आज तिथे गर्दी आहे, घरांवर मजले चढले आहेत, तरी गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांच्याखाली वाहिन्या आहेत. चेन्नईत, टांझानियातल्या दार-एस-सलाममध्येही त्या काळात असेच केले गेले. आपण ही वाट का सोडली? मला दिसणारे कारण एकच आहे. एफएसआयच्या बदल्यात बिल्डरकडून फुकट घरे बांधून घेण्याची कल्पना सरकारला जास्त सोपी वाटली. तिजोरीतून एक रुपया न काढता गरिबांना घर देता येईल असे स्वप्न तिने दाखवले. मोक्याच्या जागेवरच्या झोपडपट्टीत ते काही प्रमाणात खरेही झाले. मांजरीच्या किंवा नऱ्ह्याच्या कडेला उद्या उभ्या राहणाऱ्या वस्तीला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

पुण्याला तर आणखी जुना अनुभव आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यानंतर पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांना जागा देऊन सहकारनगरसारख्या वसाहती आखल्या गेल्या, गोखलेनगरला घरे उभी राहिली. त्या वेळचे पुणे आजच्या मानाने गरीब होते. पण रस्ता आधी आखायचा आणि घर नंतर बांधायचे, एवढे त्याला जमले. आज सहकारनगरच्या झाडीतून जाताना लोक त्या परिसराचे कौतुक करतात. ते पुनर्वसनातून उभे राहिले आहे हे अनेकांच्या ध्यानातही नसते.

जमीन मिळणार कशी, हा पुढचा प्रश्न. भूसंपादनाला पैसे नाहीत आणि शेतकऱ्याचा विश्वासही नाही. इथे अहमदाबादकडे पाहायला हरकत नाही. तिथला ७६ किलोमीटरचा रिंग रोड या शतकाच्या पहिल्या दशकात मुख्यतः टीपी स्कीममधून (नगररचना योजनेतून) झाला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेली जमीन मूळ मालकांना आखीव भूखंडाच्या रूपात परत द्यायची. क्षेत्र घटते, पण भाव वाढतो. पुण्याचा अंतर्गत वर्तुळाकार उन्नत मार्ग १९८७ च्या आराखड्यात आहे आणि आजही आराखड्यातच आहे. टीपी स्कीमचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये झाला. पुण्यातले भांबुर्डा, एरंडवणे हे भाग त्याच पद्धतीने आखले गेले. हडपसरच्या मगर कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा ही वसाहत उभारली, तेव्हा शेतकरी असा विचार करत नाहीत हा समजही खोटा ठरला. तरीही टीपी स्कीम शासकीय कार्यालयांत वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि एकेका सातबाऱ्यावरचा एकेरी प्रकल्प मात्र महिन्यांत मंजूर होतो. जो मार्ग लवकर मोकळा होतो, त्याच मार्गाने शहर वाढते.

या सगळ्यात एक पक्ष कायम गैरहजर असतो: धरणाच्या खालचा माणूस. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). पुणे महापालिका त्यातले २० टीएमसीहून अधिक पाणी उचलते, मंजूर कोट्याहून कितीतरी जास्त, असे जलसंपदा विभागाचे म्हणणे. समाविष्ट गावे आमच्या गळ्यात घातली, तर कोटाही वाढवा, असे महापालिकेचे. दोघांच्या भांडणात दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचे उन्हाळी आवर्तन अडकते. वापरलेल्या पाण्यातले पुष्कळसे पुरेशी प्रक्रिया न होता मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते. नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला आणि काम दहा वर्षे रेंगाळले. उजनीचे पाणी सोलापूर पिते, तेही काही दिवसांआड. ज्या सोलापुरातून पोरे नोकरीसाठी पुण्याला येतात, त्याच सोलापूरकडे पुणे आपले मैलापाणी पाठवते. शहराच्या वाढीची चर्चा करताना हा हिशेब मांडलाच पाहिजे.

बेंगळुरूची गत पाहून तरी शहाणे व्हायला हवे. तिथे २००७ मध्ये ११० गावे महापालिकेत घेतली गेली. त्या गावांसाठी आखलेल्या कावेरी पाणीपुरवठ्याच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. सतरा वर्षे. तेवढ्यात तिथे जन्मलेले मूल टँकरचे पाणी पीत बारावीला गेले.

पुण्यात आता नगरसेवक आले आहेत आणि समाविष्ट गावांतूनही निवडून गेले आहेत. त्यांनी पहिल्याच वर्षी तीन गोष्टी सभागृहात लावून धराव्यात, असे मला वाटते. समाविष्ट गावांतून येणारे सगळे विकास शुल्क, मग ते कोणत्याही संस्थेने वसूल केलेले असो, वेगळ्या खात्यात जमा होऊन त्याच गावांच्या जलवाहिन्या आणि ड्रेनेजवर खर्च झाले पाहिजे, आणि त्याचा हिशेब दर तिमाहीला प्रभागात लावला पाहिजे. बिल्डरच्या हमीपत्राच्या जागी बँक हमी घेतली पाहिजे, म्हणजे पाणी न आल्यास टँकरचा खर्च सोसायटीला तिच्यातून मिळेल. आणि प्रत्येक जलकेंद्राची, प्रत्येक टाकीची शिल्लक क्षमता महापालिकेने नकाशावर जाहीर केली पाहिजे, जेणेकरून घर घेणाऱ्याला करार करण्याआधी ती पाहता येईल. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नवा महाकाय प्रकल्प लागत नाही.

आपण अजूनही २०११ च्या ३१ लाख या आकड्यावर शहर चालवतो आहोत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२७ ची होईल तेव्हा कडेच्या गावांतले आकडे सगळ्यांना चकित करतील. हिंजवडीत रोज लाखो लोक कामाला येतात आणि तिथे अजून ग्रामपंचायतच कारभार पाहते, तेव्हा गावे आत घेण्याची पुढची मागणी फार दूर नाही. ती अधिसूचना निघेल त्या दिवशी तिच्यासोबत कोणत्या जलकेंद्राचे किती पाणी, कोणत्या तारखेची निवडणूक आणि कोणत्या खात्यातला किती निधी हे जोडलेले नसेल, तर तिथल्या ग्रामसभांनी तिला विरोध करावा, आणि शहरात राहणाऱ्या आपण त्या ग्रामसभांच्या बाजूने उभे राहावे.